पाळकाचं किती ऐकायचं? मंडळीतला आत्मिक अधिकार आणि त्याची हद्द

नोकरी बदलायची आहे, पण पास्टरांनी अजून ‘हो’ म्हटलेलं नाही. मुलीचं लग्न जमत आलंय, दोन्ही घरं राजी आहेत, पण प्रार्थनेत पास्टरांना ‘शांती वाटली नाही’ म्हणून बोलणी थांबली आहेत. वर्गणीचा हिशेब कुणी विचारला तर ‘देवाच्या अभिषिक्ताला (त्याने निवडून नेमलेल्याला) हात लावू नका’ हे वचन ऐकवलं जातं आणि विषय तिथेच मिटतो. ख्रिस्ती घरात वाढलेल्यांना यातलं काही ना काही ओळखीचं असेल. दुसरीकडे, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणाला कसलाही अधिकार असतो हेच मान्य नसलेले लोकही पुष्कळ भेटतात. देव आणि मी, मध्ये कुणी नको, असं त्यांचं म्हणणं.

मला ही दोन्ही टोकं चुकीची वाटतात. त्यातलं पहिलं तर धोक्याचं वाटतं, कारण तिथे माणसं मोडतात आणि त्या मोडण्याला देवाचं नाव लागतं. मंडळीत अधिकार खराच असतो, पण त्याला हद्द असते, आणि ती हद्द बाहेरच्या टीकाकारांनी आखलेली नाही. ती खुद्द पवित्र शास्त्रात आणि मंडळीच्या इतिहासात आहे.

आधी अधिकार कशाचा ते पाहू. पाळकाला, धर्मगुरूला किंवा बिशपला वचन शिकवण्याचा अधिकार असतो. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन देण्याचा असतो. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरेत पापनिवेदन ऐकून क्षमा देण्याचाही असतो. उघड पाप करून ते सोडायला तयार नसलेल्या सभासदाला प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याचा असतो. शिवाय सेवक नेमणं, मंडळीची मालमत्ता सांभाळणं असा कारभाराचा भाग असतोच. यातली एकही गोष्ट त्या माणसाच्या मालकीची नाही. गावची जमीन सांभाळायला आपण कुणाला मुखत्यारपत्र लिहून देतो, तेव्हा त्याची सही चालते, पण त्यात लिहिलेल्या कामापुरतीच. त्याच कागदावर तो आपल्या मुलाचं लग्न ठरवायला निघाला तर तो कागद तिथे लागू होत नाही. मंडळीतला अधिकार असाच दिलेला, ठरावीक कामापुरता असतो. ते काम कोणतं, हे प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात दोनदा सांगितलंय: प्रभूने मला अधिकार दिला तो तुमच्या उभारणीसाठी, तुम्हाला पाडण्यासाठी नाही.

पौलाकडे जरा थांबून पाहण्यासारखं आहे, कारण पहिल्या शतकातल्या मंडळ्यांवर त्याच्याइतकं वजन असलेली माणसं थोडीच होती. करिंथच्या लोकांनी त्याला लग्नाबद्दल प्रश्न विचारले. पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तो उत्तर देतो आणि देताना दर वेळी सांगतो की कोणतं उत्तर कुठून आलंय. विवाहितांनी वेगळं होऊ नये, हे मी सांगत नाही, प्रभू सांगतो. जोडीदार विश्वासणारा नसेल तर काय करावं, हे मी सांगतो, प्रभू नव्हे. आणि अविवाहितांविषयी मला प्रभूची आज्ञा मिळालेली नाही, मी माझं मत देतो. हा ज्याच्या पत्रांना आज पवित्र शास्त्र म्हणून वाचलं जातं तो माणूस! लग्न करावं की नाही या प्रश्नावर ‘देवाने मला दाखवलं’ एवढं म्हणणं त्याला किती सोपं होतं. त्याने तसं केलं नाही. आज्ञा कुठे संपते आणि आपलं मत कुठे सुरू होतं, हे त्याने ऐकणाऱ्याला उघड सांगितलं. आत्मिक अधिकार खरा आहे की नाही हे ओळखायला यापेक्षा चांगली कसोटी मला तरी माहीत नाही.

पैशाच्या बाबतीतही तेच. यरुशलेमच्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा करताना तो करिंथकरांना लिहितो की हे मी आज्ञा म्हणून सांगत नाही. ती रक्कम पोचवायला तो एकटा जात नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतो, आणि कारणही लपवत नाही: एवढ्या मोठ्या दानाच्या बाबतीत आमच्यावर कुणी ठपका ठेवू नये, देवाच्याच नव्हे तर माणसांच्या नजरेतही आमचं वागणं चोख असावं. फिलेमोनाकडे त्याच्या पळून गेलेल्या दासासाठी रदबदली करताना तो म्हणतो, तुला हुकूम करण्याचं धैर्य मला आहे, पण प्रीतीखातर मी विनंती करतो. पत्र वाचताना जाणवतं की पौल फिलेमोनावर दबाव टाकतोच आहे, आणि बराच टाकतो आहे. पण शेवटचा निर्णय तो फिलेमोनाच्या हातात ठेवतो.

हे सगळं येशूपासून आलेलं आहे. याकोब आणि योहान हे दोघे भाऊ मानाच्या जागा मागायला आले, तेव्हा बाकीचे दहा चिडले. येशूने सगळ्यांना जवळ बोलावून सांगितलं की परराष्ट्रीयांचे, म्हणजे यहूदी नसलेल्यांचे, अधिपती त्यांच्यावर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसं नसावं. ज्याला मोठं व्हायचं त्याने सर्वांचा सेवक व्हावं. शेवटच्या भोजनाच्या रात्री त्याने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. तेव्हाही त्याने आपला अधिकार नाकारला नाही. पाय धुऊन झाल्यावर तो म्हणाला, तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे.

मग येशूचा शिष्य पेत्र याच्या किल्ल्यांचं काय, असं कुणी विचारेल. मत्तयाच्या सोळाव्या अध्यायात येशू पेत्राला स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या देतो आणि म्हणतो, तू पृथ्वीवर जे बांधशील ते स्वर्गात बांधलं जाईल. यावरून मंडळ्यांमध्ये शतकानुशतकं मतभेद आहेत. कॅथलिक परंपरा मानते की पेत्राचा हा अधिकार रोमच्या बिशपकडे, म्हणजे पोपकडे, परंपरेने आला. ऑर्थोडॉक्स मंडळ्या पेत्राला मान देतात, पण सगळ्या मंडळीवर एका बिशपची सत्ता मानत नाहीत. त्यांच्याकडे बिशपांच्या सभांना महत्त्व. प्रॉटेस्टंट बहुधा म्हणतात की किल्ल्या पेत्राने कबूल केलेल्या सुवार्तेच्या (येशूविषयीच्या शुभवर्तमानाच्या) आहेत. मला इथे निवाडा करायचा नाही. एवढंच लक्षात आणून देतो की दोनच अध्यायांनंतर बांधण्या-सोडण्याचे तेच शब्द येशू सगळ्या शिष्यांना उद्देशून म्हणतो, आणि तेही मंडळीत तंटा कसा सोडवायचा हे सांगताना.

खुद्द पेत्राचं काय झालं ते गलतीकरांच्या पत्रात आहे. अंत्युखियात तो परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंगतीला जेवत होता. यरुशलेमहून, तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब (योहानाचा भाऊ नव्हे) याच्याकडची काही माणसं आली, आणि पेत्र हळूहळू मागे सरला, वेगळा बसू लागला. त्याच्या मागोमाग बाकीचे यहूदी, इतकंच काय, पौलाचा सोबती बर्णबासुद्धा. पंगतीतून उठून जाणं म्हणजे काय, हे आपल्याकडे वेगळं समजावून सांगायला नको. उरलेल्यांना आपण कोण ठरलो ते न बोलता कळतं. पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं. एकांतात नाही, कारण नुकसान चारचौघांत झालं होतं. पेत्र प्रेषित नाही असं पौल म्हणाला नाही. तुझं वागणं सुवार्तेच्या सत्याला धरून नाही, असं म्हणाला. मंडळीतला पहिल्या क्रमांकाचा प्रेषितसुद्धा सुवार्तेच्या खाली होता, तिच्या वर नव्हता. पुढे पेत्राच्या नावे असलेल्या पहिल्या पत्रात तो मंडळीच्या वडिलांना, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांना, लिहितो ते ‘मीही तुमच्यासारखाच एक वडील’ अशा नात्याने, आणि सांगतो की तुमच्याकडे सोपवलेल्यांवर धनीपण करू नका, कळपाला कित्ता व्हा.

उलट नमुनाही नव्या करारात आहे. योहानाच्या तिसऱ्या, जेमतेम पानभर पत्रात दियत्रफेस नावाचा एक पुढारी भेटतो. त्याला पहिली जागा आवडते. तो प्रेषिताचं ऐकत नाही, प्रवासी बंधूंना घरात घेत नाही, आणि जे घेऊ पाहतात त्यांना मंडळीबाहेर काढतो. सत्ता बिघडली की ती कशी दिसते हे इतक्या थोड्या ओळींत क्वचितच कुणी लिहिलं असेल. बाहेरच्या माणसाशी संबंध तोडायला लावायचे आणि प्रश्न विचारणाऱ्याला घालवून द्यायचं.

नंतरच्या इतिहासातल्या दोन गोष्टी सांगतो. पहिली चौथ्या शतकातली, उत्तर आफ्रिकेची. सम्राट डायोक्लिशनच्या छळात काही बिशपांनी घाबरून पवित्र शास्त्राच्या प्रती सरकारच्या हवाली केल्या होत्या. छळ थांबल्यावर प्रश्न उभा राहिला की अशा माणसाने दिलेला बाप्तिस्मा किंवा दीक्षा (धर्मसेवक म्हणून नेमणूक) खरी मानायची का? डोनाटस आणि त्याचे अनुयायी म्हणाले, नाही. पुढे ऑगस्टिनने त्यांना उत्तर दिलं की बाप्तिस्मा ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्याचा नाही; देणारा अपात्र निघाला म्हणून घेणाऱ्याचं दान खोटं होत नाही. मंडळीच्या मोठ्या भागाने हे मान्य केलं. आपल्या पाळकाचं काही उघडकीला आलं की लोक पहिला प्रश्न हाच विचारतात: मग माझा बाप्तिस्मा? माझं लग्न? ते खरंच होतं, असं त्यांना निःशंकपणे सांगता येतं. मात्र या शिकवणीचा आधार घेऊन ‘पद पवित्र आहे, म्हणून पदावरच्या माणसाला काही बोलायचं नाही’ असं म्हणणं हा तिचा गैरवापर आहे. ऑगस्टिनचा युक्तिवाद विश्वासणाऱ्याच्या संरक्षणासाठी होता, बिशपच्या नाही.

दुसरी गोष्ट ३९० सालची. थेस्सलनीकात दंगलीत एक सेनाधिकारी मारला गेला म्हणून सम्राट थिओडोसियसच्या हुकमाने तिथे हजारोंची कत्तल झाली. मिलानचा बिशप अँब्रोस याने सम्राटाला पत्र लिहून कळवलं की पश्चात्ताप केल्याशिवाय तुझ्या उपस्थितीत मी प्रभुभोजनाची विधी करणार नाही. सम्राटाने जाहीर प्रायश्चित्त घेतलं. मंडळीच्या शिस्तीचा अधिकार तिथे आपल्यापेक्षा बलवान माणसासमोर वापरला गेला. आज हा अधिकार आपल्या गावात कुणावर वापरला जातो, हिशेब मागणाऱ्या विधवेवर की देणगी देणाऱ्या बड्या सभासदावर, हे पाहिलं की बरंच काही कळतं.

पोपच्या ‘अचूकपणा’बद्दल आपल्याकडे सर्रास गैरसमज आहे, म्हणून थोडक्यात. १८७० साली पहिल्या व्हॅटिकन परिषदेने तो सिद्धांत जाहीर केला. पोप बोलेल ते सगळं अचूक असं त्यात कुठेही नाही. सर्व ख्रिस्ती लोकांचा पाळक या नात्याने, श्रद्धा किंवा नीती याविषयी, संपूर्ण मंडळीने मानायची शिकवण म्हणून पोप अंतिम व्याख्या करतो, तेवढ्यापुरताच तो लागू होतो. १८७० नंतर या पद्धतीने केलेली घोषणा एकच आहे: १९५० साली बाराव्या पायसने मरीयेच्या स्वर्गोन्नयनाबद्दल केलेली. पोपची मुलाखत, राजकीय मत, नेमणुका यांतलं काहीही त्यात बसत नाही. म्हणजे जिथे अधिकाराचा दावा सर्वांत मोठा आहे, तिथेही तो कधी लागू आणि कधी नाही याच्या अटी लिहून ठेवल्या आहेत. त्याच काळात इंग्लंडमधले जॉन हेन्री न्यूमन, जे पुढे कार्डिनल झाले आणि २०१९ साली संत म्हणून घोषित झाले, यांनी १८७५ साली लिहिलं होतं की आधी सदसद्विवेकाला मान, मग पोपला.

कॅथलिक मंडळीच्या १९८३च्या कायदेसंहितेत तर सामान्य श्रद्धावंताला आपलं मत धर्माधिकाऱ्यांपुढे मांडण्याचा हक्क आहे, कधी कधी ते कर्तव्यही आहे, असं कलम २१२ सांगतं. प्रत्येक पॅरिशला, म्हणजे स्थानिक मंडळीला, आर्थिक समिती असलीच पाहिजे, असं कलम ५३७ सांगतं. पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली की बिशपने राजीनामा पुढे करायचा असतो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बिशप आहेत, पण सिनॉड (मंडळीची सर्वोच्च सभा) आणि धर्मप्रांताच्या कौन्सिलमध्ये पाळकांबरोबर सामान्य सभासदांचे प्रतिनिधीही बसतात. यातलं काही गावपातळीवर नीट चालतं, काही कागदावर राहतं. पण कागदावर आहे म्हणजे मागता येतं, आणि मागायला हवं.

आता आपल्या मातीतली गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या अँग्लिकन सिस्टरांच्या मठात राहिल्या, आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला लहानग्या मुलीसह, मनोरमेसह, त्यांचा बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेराल्डीन त्यांच्या आत्मिक मार्गदर्शक होत्या. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात गेल्या आणि तिथे कुरबुरी सुरू झाल्या. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का, असा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांचा सल्ला घेतला गेला आणि तो ‘नको’ असा आला. रमाबाईंनी कळवलं की माझ्या आईने किंवा मी तरुण पुरुषांना शिकवायला ना माझ्या वडिलांनी हरकत घेतली ना नवऱ्याने, आणि इंग्रज लोकांनी ती घ्यावी याचं मला नवल वाटतं. ज्या स्त्रीने देशभर पायी हिंडून पुराणं सांगितली, कलकत्त्याच्या पंडितांसमोर बसून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळवल्या, तिला हे ऐकायला मिळत होतं.

वाद शिकवण्यापुरता राहिला नाही. त्रैक्याचा सिद्धांत (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), मंडळीचे मतांगीकार (श्रद्धेची ठरलेली कबुलीवचनं) यांबद्दल रमाबाई प्रश्न विचारत होत्या. सिस्टर जेराल्डीनना त्यात गर्व दिसत होता. नव्या विश्वासणारीने आधी ऐकावं, मग समजून घ्यावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. १२ मे १८८५ रोजी रमाबाईंनी त्यांना सविस्तर पत्र लिहिलं. आशय असा: मला स्वतःचा विवेक, मन आणि निर्णयशक्ती आहे. देवाने मला जे करण्याची शक्ती दिली आहे ते मी स्वतः विचार करून केलं पाहिजे. हिंदुस्थानातल्या पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मी नुकतीच सुटले आहे. धर्मगुरूंच्या तोंडून आलेला प्रत्येक शब्द परमेश्वराची आज्ञा म्हणून स्वीकारून तसंच दुसरं जोखड मानेवर घ्यायला मी तयार नाही. देवाच्या वचनाचं आज्ञापालन वेगळं आणि धर्मगुरूंचं संपूर्ण आज्ञापालन वेगळं.

या पत्रातला राग सगळ्यांना दिसतो. मला त्यातली शिस्त जास्त महत्त्वाची वाटते. मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे हे रमाबाई त्याच पत्रात ठासून सांगतात. बाहेर पडायची भाषा त्या करत नाहीत. पौलाने करिंथकरांसाठी जी रेघ बोलणाऱ्याच्या बाजूने ओढली होती, तीच रेघ त्या ऐकणाऱ्याच्या बाजूने ओढतात. प्रभूची आज्ञा असेल तर दाखवा, मी मान झुकवीन. बिशपांचं मत असेल तर मी ते ऐकेन आणि विचार करीन. सिस्टर जेराल्डीन यांच्याबद्दलही एक सांगायला हवं: आपल्याच विरोधातली ही पत्रं त्यांनी फाडून टाकली नाहीत, जपून ठेवली, म्हणून ती आज आपल्यासमोर आहेत. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ती प्रसिद्ध केली. रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि आयुष्याची शेवटची वर्षं मूळ हिब्रू-ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणण्यात घालवली. धर्मगुरूच्या तोंडाकडे बघत बसावं लागू नये म्हणून स्त्रीच्या हातात थेट वचन देणं, असं मी त्या कामाकडे बघतो.

विसाव्या शतकात हाच प्रश्न नव्या रूपात आला, आणि आपल्या स्वतंत्र मंडळ्यांत तो आज जिवंत आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेल इथून पाच नामांकित शिक्षकांनी एक चळवळ चालवली. प्रत्येक विश्वासणाऱ्याने एका व्यक्तिगत ‘मेंढपाळा’च्या अधीन राहावं, त्या मेंढपाळाने दुसऱ्या मेंढपाळाच्या. हेतू चांगला होता. बेशिस्त, भटक्या विश्वासणाऱ्यांना कुणीतरी आपलं माणूस मिळावं. पण काही वर्षांतच नोकरी, घर, लग्न, पैसा यांचे निर्णय मेंढपाळाच्या संमतीवर येऊन ठेपले. पुष्कळ कुटुंबं पोळली. १९८०च्या दशकात ती रचना मोडीत निघाली आणि पाचांपैकी बॉब ममफर्ड यांनी पुढे जाहीर माफीही मागितली. शब्द मात्र उरले. ‘आत्मिक आच्छादन’, ‘आत्मिक पिता’, ‘आच्छादनाबाहेर गेलास तर सैतानाला दार उघडतोस’ ही भाषा मराठी सभांमध्येही ऐकू येते. नव्या करारात पाळकाला असं आच्छादन कुठेच म्हटलेलं नाही. देव आणि मनुष्य यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू, असं तीमथ्याच्या पहिल्या पत्रात स्पष्ट आहे.

‘अभिषिक्ताला हात लावू नका’ हे वचनही उघडून वाचावं. ते १०५व्या स्तोत्रात आहे. तिथे विषय अब्राहाम, इसहाक आणि याकोबाच्या भटक्या कुटुंबाचा आहे. ते संख्येने थोडे होते, परक्या देशात उपरे होते, आणि देवाने त्यांच्यासाठी राजांना दटावलं. म्हणजे हा इशारा बलवानांना आहे आणि संरक्षण दुबळ्यांना. व्यासपीठावरच्या माणसाने तो समोर खाली बसलेल्यांवर उगारणं हे त्या स्तोत्राला उलटं टांगणं आहे. शिवाय योहानाच्या पहिल्या पत्रात अभिषेक सगळ्या विश्वासणाऱ्यांना आहे.

मग दावीदाचा दाखला दिला जातो: शौल वाईट राजा होता, तरी दावीदाने त्याला हात लावला नाही. हो, नाही लावला. पण एन-गेदीच्या रानातली ती घटना पूर्ण वाचा. शौल तीन हजार माणसं घेऊन दावीदाला मारायला निघालाय. तो ज्या गुहेत एकटाच शिरतो, तिच्याच आत दावीद लपलेला आहे. दावीद गुपचूप त्याच्या झग्याचा काठ कापतो, आणि एवढ्यानेही त्याच्या मनाला लागतं. शौल बाहेर पडल्यावर दावीद मागून हाक मारतो, जमिनीपर्यंत वाकून नमस्कार करतो, आणि मग तो कापलेला काठ हातात धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतो, की मी तुझा काय गुन्हा केला म्हणून तू माझ्या जिवावर उठलास? देव तुझ्यामाझ्यात न्याय करो. शौल रडतो आणि कबूल करतो की तू माझ्यापेक्षा नीतिमान आहेस. दावीदाने राजाचा खून केला नाही, त्याची बदनामी केली नाही. पण अन्याय पुराव्यासकट, मोठ्या आवाजात, चारचौघांत मांडला. आणि पुढे हाच दावीद स्वतः राजा झाल्यावर त्याने पाप केलं, तेव्हा नाथान संदेष्टा थेट त्याच्यासमोर उभा राहिला. ‘तो माणूस तूच आहेस’ हे ऐकून दावीदाने नाथानाला अभिषिक्ताचं वचन सुनावलं नाही.

राहिलं इब्री लोकांस पत्रातलं तेरावं प्रकरण: आपल्या अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहा. हे वचन आहे आणि ते टाळून चालणार नाही. जो पाळक रात्री-अपरात्री आजाऱ्याच्या उशाशी बसतो, प्रामाणिकपणे वचन शिकवतो, त्याचं मन लावून ऐकावं. त्याला उगाच त्रास देणारे सभासदही मंडळीत असतात. पण वाक्य पुढे जातं. ते तुमच्या जिवांची राखण करतात, हिशेब द्यावा लागणार आहे असं समजून. त्याच प्रकरणात थोडं वर म्हटलंय की पुढाऱ्यांच्या वागणुकीचा शेवट काय होतो ते नीट पाहा आणि मग त्यांचा विश्वास अनुसरा. डोळे मिटून पाहता येत नाही. बिरुयाच्या लोकांनी तर पौलाचं भाषण ऐकून रोज शास्त्र उघडून तपासलं, आणि त्याबद्दल प्रेषितांच्या कृत्यांत त्यांची स्तुती आहे.

म्हणून कुणी ‘प्रभू तुला सांगतो की ही नोकरी सोड’ असं म्हणालं, तर आदराने विचारावं: पास्टर, ही प्रभूची आज्ञा आहे की तुमचं मत? आज्ञा असेल तर वचन दाखवा. मत असेल तर मी ते ऐकून घेतो. चांगला पाळक या प्रश्नाने दुखावत नाही, त्याचं ओझं हलकं होतं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करायला सांगण्याचा, मत कुणाला द्यायचं ते ठरवण्याचा, आईबापांशी बोलणं तोडायला लावण्याचा अधिकार कोणत्याही मुखत्यारपत्रात लिहिलेला नाही.

एका ठिकाणी मात्र प्रश्न विचारत थांबायचं नसतं. कुणावर, विशेषतः मुलांवर, लैंगिक अत्याचार झाला असेल तर मत्तयाचा अठरावा अध्याय पुढे करून पीडिताला ‘आधी एकट्याने जाऊन त्याच्याशी बोल’ असं सांगितलं जातं. तो अध्याय बरोबरीच्या भावांमधल्या अपराधाबद्दल आहे. लहान मुलाला अत्याचार करणाऱ्याच्या खोलीत परत पाठवण्याबद्दल नाही. त्याच अध्यायात वर येशू म्हणतो की या लहानांतल्या एकाला जो अडखळवील, त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेलं बरं. पाळकावरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नये, हे तीमथ्याच्या पत्रातलं वचनही इथे पुढे करतात. ते मंडळीच्या चौकशीबद्दल आहे, आणि लगेच पुढे लिहिलंय की जे पाप करतात त्यांचा सर्वांसमोर निषेध कर.

२०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरू आणि मठवासीयांना अशा गोष्टींची माहिती मंडळीच्या अधिकाऱ्यांना देणं बंधनकारक केलं आणि देशाच्या कायद्याची बंधनं त्याने कमी होत नाहीत हेही नमूद केलं. आपल्याकडे २०१२च्या पॉक्सो कायद्याचं (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) कलम १९ प्रत्येक माणसाला लागू आहे: मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवायचं. न कळवणं हा कलम २१ प्रमाणे गुन्हा आहे, आणि आपल्या हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला शिक्षा जास्त आहे. आधी बिशपांना विचारू, आधी कमिटीत ठेवू, आधी उपासप्रार्थना करू, अशी सवलत या कायद्यात कुणालाही नाही. चाइल्डलाइन या मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालतो. त्यावर फोन करायला कोणत्याही पाळकाची परवानगी लागत नाही.